मोजलेलं अरण्य

वर्षावनाचं वर्णन करायला मराठीत शब्दांची वाण नाही. घनदाट, निबिड, किर्र अशी एकामागून एक विशेषणं लावत गेलं की वाचकापुढे हिरवा अंधार उभा राहतो आणि लेखकाचं काम भागतं. पण त्या अंधारातलं एकेक झाड कोणतं, शेजारचं झाड त्याच प्रजातीचं की निराळं, एवढ्याशा जागेत एकूण प्रजाती किती, असं कुणी विचारलं की ही सगळी विशेषणं निरुपयोगी ठरतात.

1988 मध्ये आल्विन जेंट्री या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी या प्रश्नांना आकड्यांत उत्तर दिलं. पेरू देशात, ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात, इकितोस शहराजवळच्या जंगलात त्यांनी एकेका हेक्टराचे तुकडे आखून दहा सेंटिमीटरपेक्षा जाड असं प्रत्येक खोड मोजलं. सर्वांत समृद्ध तुकड्यात, म्हणजे जेमतेम अडीच एकरांत, सुमारे 300 प्रजाती भरल्या आणि खोडं होती त्याच्या फक्त दुप्पट. निम्म्याहून अधिक प्रजातींचं तर सबंध हेक्टरात एकेकच झाड होतं. आपल्याकडे सागाच्या वनात एका झाडापासून निघालं की पुढचंही बहुधा सागच असतं. इकितोसच्या वनात मात्र तेच झाड पुन्हा भेटेल याची खात्री नसते.

हे पुस्तक जेंट्रींच्या कारकिर्दीविषयी आहे. त्यांच्या घरगुती आयुष्याचा तपशील त्यात फारसा नाही. वर्षावनातल्या वनस्पतींचा अभ्यास म्हणजे नेमकं काय काम, ते कसं करतात, त्यात काय हाती लागतं आणि काय निसटतं, हे एका माणसाच्या कामातून दाखवावं एवढाच हेतू आहे. जेंट्रींची निवड त्यासाठीच केली. त्यांनी थक्क करणारे निष्कर्ष काढले, पण ते निष्कर्ष पुढच्या पिढीला तपासता यावेत, प्रसंगी खोडून काढता यावेत, एवढा पुरावाही मागे ठेवला. माझ्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे आणि पुस्तकाचा सगळा भर तिच्यावर आहे.

जेंट्रींचा जन्म 1945 चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या क्ले सेंटर या गावचा. तो मुलूख गवताचा आणि गव्हाचा. वर्षावनाशी त्याचा सुतराम संबंध नाही. कॅन्सस आणि विस्कॉन्सिन इथे शिकून त्यांनी 1972 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विषय होता मध्य अमेरिकेच्या दक्षिण भागातलं बिग्नोनिएसी कुल, म्हणजे आपलं टेटूचं कुल. त्याच शहरातलं मिसूरी बोटॅनिकल गार्डन ही 1859 मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांचं कायमचं कामाचं ठिकाण झाली. नावात बाग असली तरी या संस्थेचा जीव तिच्या हर्बेरियममध्ये आहे. 60 लाखांहून अधिक वाळवलेले नमुने तिथे आहेत आणि त्यातला फार मोठा भाग उष्णकटिबंधातला आहे. जेंट्रींनी स्वतः आयुष्यभरात 70,000 हून अधिक नमुने गोळा केले.

हा आकडा समजायचा तर एक नमुना कसा तयार होतो ते पाहावं लागतं. लांब दांड्याच्या टोकाला कात्री लावून, नाही तर झाडावर चढून, फांदी खाली आणायची. ती वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरून दाबायची, दमट हवेत बुरशी लागण्याआधी वाळवायची. छावणीत वाळवण्याची सोय नसेल तर गठ्ठे अल्कोहोलमध्ये भिजवून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करायचे आणि शहर गाठेपर्यंत सांभाळायचे. वाळल्यावर जे उडून जाणार, म्हणजे फुलाचा रंग, चिकाचा रंग, वास, झाडाची उंची, ते वहीत तिथल्या तिथे टिपायचं. ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचा अनुक्रमांक घालायचा. एकाच झाडाच्या जादा फांद्या त्या देशातल्या हर्बेरियमना द्यायच्या. शेतकऱ्याला सातबाऱ्याचं जे मोल, तेच वनस्पतिशास्त्रज्ञाला या कागदाचं. अमुक वनस्पती अमुक दिवशी अमुक जागी होती, या विधानाला दुसरा पुरावा नसतो.

पण वर्षावनात एक मोठी अडचण असते. झाडं ओळखण्याचं रूढ शास्त्र फुलांवर उभं आहे. लिनीअसपासून वर्गीकरणाचा कणा म्हणजे पुंकेसर, स्त्रीकेसर, पाकळ्या. आणि वर्षावनात कोणत्याही दिवशी गेलात तरी बहुतेक झाडांना ना फूल असतं ना फळ. असलंच तर चाळीस मीटर उंचीवर. त्यामुळे फूल नसलेली फांदी गोळाच करायची नाही, असा बऱ्याच संग्राहकांचा शिरस्ता होता. म्हणजे जंगलाचा मोठा हिस्सा नोंदीबाहेरच राहायचा.

जेंट्रींनी हा शिरस्ता मोडला. पानं समोरासमोर की एकाआड एक, साधी की संयुक्त, देठाच्या बुडाशी उपपर्णं आहेत का, पान उजेडाकडे धरलं तर पारदर्शक ठिपके दिसतात का, चुरगळलं तर वास कसला, सालीला खाच दिली तर चीक पांढरा की लाल, की चीकच नाही, अशा खुणांवरून त्यांनी आधी कुल आणि मग प्रवर्ग गाठण्याची पद्धत बसवली. यातल्या कित्येक खुणा सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्याही ओळखीच्या आहेत. वड आणि फणस यांच्या कुलाचा पांढरा चीक, रानजायफळाच्या सालीतून येणारा लाल रस, दालचिनीच्या पानाचा वास, जांभळाच्या पानातले ठिपके, कदंबाच्या दोन समोरासमोरच्या देठांमधलं उपपर्ण ही लक्षणं त्या त्या कुलाची आहेत. म्हणून ती ॲमेझॉनमध्येही तशीच लागू पडतात. प्रजाती बदलतात, खंड बदलतो, पण कुलाची ओळख बरीचशी टिकते. या एका आधारावर जेंट्री आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या जंगलातही कामाला लागू शकत होते.

टेटूच्या कुलाकडे त्यांचा ओढा शेवटपर्यंत राहिला आणि मराठी वाचकाला या कुलाची ओळख करून द्यावी लागत नाही. दशमुळांतले टेटू आणि पाडळ, कोरड्या डोंगरउतारांवरची मेडशिंगी, पुण्यातल्या जुन्या रस्त्यांवर सुगंधी फुलांचा सडा घालणारं बुचाचं झाड, जानेवारीत कुंपणं केशरी करणारी संक्रांतवेल, नीलमोहर, टॅबेबुया हे सगळे याच कुलातले. पैकी संक्रांतवेल, नीलमोहर आणि टॅबेबुया आपल्याकडे अमेरिका खंडांतून आले. या कुलाचा सर्वांत मोठा पसारा तिकडेच आहे आणि तो मुख्यतः महावेलींचा आहे. जमिनीतून निघून छतापर्यंत पोचणाऱ्या, मनगटाएवढ्या किंवा मांडीएवढ्या जाड या वेलींच्या खोडाचा आडवा छेद घेतला तर लाकडात क्रुसासारखी नक्षी दिसते. पानांना तणावे असतात. फुलाशिवाय ओळखण्याची कला जेंट्री या वेलींवरच शिकले असावेत.

1974 मध्ये त्यांनी या कुलाच्या फुलण्याच्या तऱ्हांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि तो अजूनही वाचला जातो. काही प्रजाती महिनोन्‌महिने रोज थोडीथोडी फुलं देतात. ठरलेल्या वाटेने रोज फेरी मारणाऱ्या मधमाश्या त्यांच्याकडे येतात. काही प्रजाती चार-पाच दिवसांत सगळं उधळून मोकळ्या होतात. काही अनेक आठवडे भरभरून फुलतात, तर काही वर्षातून अनेकदा थोड्या दिवसांपुरत्या. एकाच जंगलात एकाच कुलाच्या वीस-वीस प्रजाती एकत्र नांदतात तेव्हा परागवाहकांची वाटणी कशी होत असेल, हा त्यामागचा प्रश्न होता. मुंबईत पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या आसपास गुलाबी टॅबेबुया एकदम फुलतात आणि दोन आठवड्यांत सगळा खेळ संपतो, तेव्हा आपण फोटो काढतो. त्या घाईमागचं कारण शोधायला कुणीतरी पनामाच्या जंगलात वर्षं घालवली होती, हे वाचकाने त्या वेळी आठवावं.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग जेंट्रींच्या मोजणीला दिला आहे, कारण त्यांचं नाव आज मुख्यतः तिच्यामुळे घेतलं जातं. पद्धत अगदी साधी. पन्नास मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे दहा पट्टे आखायचे. मिळून एक दशांश हेक्टर होतं. त्या पट्ट्यांत छातीच्या उंचीवर अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेली प्रत्येक वनस्पती, झाड असो वा वेल, मोजायची आणि ओळखायची. मोठ्या हेक्टरी तुकड्याला लागणाऱ्या वेळाच्या थोड्याशा अंशात हे काम होतं, म्हणून ते पुष्कळ ठिकाणी करता येतं. जेंट्रींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खंडांतली 226 ठिकाणं याच मापाने मोजली. माप सगळीकडे सारखंच असल्याने कोलंबिया आणि मादागास्कर यांची तुलना पहिल्यांदाच न्याय्य झाली.

त्या तुलनेतून जे दिसलं ते नुसतं संख्येचं कौतुक नव्हतं. अमेरिकेच्या उष्णकटिबंधातल्या सखल जंगलांत पाऊस वाढतो तशी प्रजातींची संख्या वाढते, पण साधारण 4,000 मिलिमीटरच्या पुढे ती वाढ मंदावते. समुद्रसपाटीपासून वर जाताना ती घटते. 1982 मध्ये त्यांनी आणखी एक धाडसी मांडणी केली. दक्षिण अमेरिकेतली वनस्पतिसमृद्धी एकसंध नाही, असं त्यांचं म्हणणं. छतापर्यंत पोचणारे वृक्ष आणि महावेली यांचं मुख्य केंद्र ॲमेझॉनचं खोरं. उलट झाडांच्या अंगावर वाढणाऱ्या वनस्पती, सावलीतली झुडपं आणि मोठ्या पानांच्या ओषधी यांचा स्फोट झाला तो अँडीज पर्वत उचलला गेल्यामुळे, त्याच्या पायथ्याच्या दऱ्याखोऱ्यांत. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले, जनुकीय पुरावे आले, काही भाग टिकला आणि काही दुरुस्त झाला. पण अँडीजच्या उत्थानाकडे दुर्लक्ष करून त्या खंडाच्या वनस्पतींविषयी बोलणं तेव्हापासून अशक्य झालं.

आता सेंतिनेलाची गोष्ट. पश्चिम इक्वादोरमध्ये अँडीजच्या पायथ्याशी सेंतिनेला नावाची एक डोंगरधार आहे. आमरांचे (ऑर्किडांचे) अभ्यासक कॅलवे डॉडसन आणि जेंट्री यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या धुकट जंगलात नमुने गोळा केले. अन्यत्र कुठेच ठाऊक नसलेल्या वनस्पती तिथे इतक्या सापडल्या की अशा सुमारे 90 प्रजाती फक्त त्या धारेवरच्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज झाला. पण शेतीसाठी जंगल तुटत होतं आणि थोड्याच वर्षांत धार उघडी पडली. एवढ्या प्रजाती जगाला माहीत होताहोताच नष्ट झाल्या, ही बातमी जगभर गेली. जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी 1992 च्या आपल्या ग्रंथात, नोंद होण्याआधीच किंवा नोंदीसरशी घडणाऱ्या अशा विनाशाला सेंतिनेलाचंच नाव दिलं.

त्यानंतर तीस वर्षांनी संशोधकांची एक नवी फळी याच प्रश्नाकडे वळली. तिथल्या वनस्पतींचे जुने नमुने, इतर हर्बेरियममधल्या नोंदी आणि सेंतिनेलाच्या परिसरात अजून तग धरून असलेल्या जंगलाच्या तुकड्यांतले नवे नमुने एकत्र ताडून पाहिले गेले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, फक्त सेंतिनेलाच्या म्हणून गणलेल्या जवळजवळ सगळ्या प्रजाती इतरत्रही आहेत. नामशेष झाल्याचं गृहीत धरूनच जिचं नामकरण केलं गेलं ती गॅस्टेरँथस एक्स्टिंक्टस ही लहानशी वनस्पती 2021 मध्ये तिथल्या एका तुकड्यात फुललेली सापडली.

याचा अर्थ जंगल वाचलं असा नाही. पश्चिम इक्वादोरचं बहुतेक जंगल गेलं ते गेलंच, आणि उरलेल्या तुकड्यांचंही भवितव्य धोक्यातच आहे. अर्थ एवढाच की त्या काळी नोंदी फार तोकड्या होत्या आणि तोकड्या नोंदींवरून ‘फक्त इथेच’ असं म्हणणं घाईचं होतं. मात्र ही दुरुस्ती शक्य झाली ती डॉडसन आणि जेंट्री यांनी जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळे. प्रत्येक कागदावर क्रमांक होता, ठिकाण होतं, तारीख होती. नुसती हळहळ मागे ठेवली असती तर ती खोडायलाही काही उरलं नसतं आणि सिद्ध करायलाही नाही.

1990 च्या सुमारास जेंट्रींचं काम अधिक घाईचं झालं. कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल या संस्थेने जलद पाहणीचा एक कार्यक्रम उभा केला. जिथलं जंगल लवकरच तुटण्याची भीती आहे तिथे मोजक्या अनुभवी लोकांनी जायचं, थोड्या आठवड्यांत तिथल्या सृष्टीचा अंदाज घ्यायचा आणि सरकारपुढे ठेवायचा. पहिल्या पथकात जेंट्रींबरोबर आवाजावरून पक्षी ओळखणारे टेड पार्कर, सस्तन प्राण्यांच्या अभ्यासक लुईस एमन्स आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन फॉस्टर होते. 1990 मध्ये त्यांनी बोलिव्हियातल्या आल्तो मादिदीची पाहणी केली. 1995 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. तो दिवस पाहायला जेंट्री आणि पार्कर नव्हते. 3 ऑगस्ट 1993 रोजी इक्वादोरच्या किनारपट्टीतलं जंगल हवेतून पाहताना त्यांचं छोटं विमान ग्वायाकिलजवळ ढगांत डोंगरावर आदळलं आणि त्यात दोघेही गेले. जेंट्रींचं वय तेव्हा 48 होतं.

अशा मृत्यूनंतर ‘एक चालतंबोलतं ग्रंथालय जळालं’ अशी वाक्यं लिहिली जातात. ती काही अंशी खरीच आहेत. टेटूच्या कुलावरच्या त्यांच्या महाप्रबंधाचे दोन भाग 1980 आणि 1992 मध्ये निघाले होते. महावेलींचा, म्हणजे सर्वांत मोठा भाग राहून गेला. पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. महावेलींचं काम ब्राझीलच्या लुसिया लोमान यांनी हाती घेतलं आणि 2014 मध्ये त्यांनी व शार्लट टेलर यांनी त्या गटाची नवी प्रवर्गरचना प्रसिद्ध केली. 226 ठिकाणांची सगळी आकडेवारी ऑलिव्हर फिलिप्स आणि जेम्स मिलर यांनी 2002 मध्ये ग्रंथरूपात सर्वांसाठी खुली केली. आजही हवामान आणि जंगल यांच्या संबंधावर काम करणारे लोक ती वापरतात. पानाफांद्यांवरून कुल आणि प्रवर्ग ओळखण्याची त्यांची जवळजवळ 900 पानांची मार्गदर्शिका 1993 मध्येच निघाली. तिची चित्रं पेरूचे वनस्पतिशास्त्रज्ञ रोदोल्फो वास्केस यांनी काढली आहेत. एका माणसाच्या डोळ्यांत आणि नाकात असलेलं ज्ञान कागदावर उतरलं, म्हणून ते अपघातातून वाचलं.

जेंट्रींच्या पद्धतीच्या मर्यादाही पुस्तकात लपवलेल्या नाहीत. अडीच सेंटिमीटरची अट घातली की सावलीतल्या ओषधी आणि झाडांवरची आमरं मोजणीबाहेर राहतात. लांबट अरुंद पट्ट्यांत कडेची झाडं आत धरायची की बाहेर, याचे मतभेद असतात. फुलाविना ओळखलेल्या प्रजातींपैकी काही पुढे चुकीच्या ठरतात. आणि दक्षिणेकडच्या देशांतल्या जंगलांविषयीचं ज्ञान उत्तरेकडच्या एका शहरातल्या कपाटांत साठतं, ही तक्रार त्या देशांतल्या अभ्यासकांनी केली आहे आणि ती रास्त आहे. वाट दाखवणारे, झाडावर चढणारे, स्थानिक नावं सांगणारे गावकरी बहुतेक शोधनिबंधांत तळटीपेपुरते येतात. पुस्तकाच्या चौथ्या भागात या सगळ्याची चर्चा आहे.

मांडणीविषयी दोन शब्द. पहिला भाग वनस्पतिसंग्रहाच्या कामाचा, दुसरा टेटूच्या कुलाचा, तिसरा मोजणीचा, चौथा विनाश आणि संरक्षणाचा. शास्त्रीय नावं देवनागरीत दिली आहेत आणि जिथे रुळलेलं मराठी नाव आहे तिथे तेच आधी वापरलं आहे. गणिताची ओळख गृहीत धरलेली नाही; तिसऱ्या भागातले आलेख सोडून वाचलं तरी कथानक तुटत नाही.

शेवटी आपल्या दारातल्या जंगलाविषयी. आंबोली, राधानगरी, चांदोली, कोयना, गोव्यातलं मोले आणि नेत्रावळी इथली सदाहरित वनं ॲमेझॉनइतकी विपुल नाहीत, पण अपरिचितही राहू नयेत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधून 1987 मध्ये पास्कल आणि रमेश यांची पश्चिम घाटातली सदाहरित झाडं आणि महावेली ओळखण्याची किल्ली निघाली. तीही मुख्यतः पानं, साल आणि चीक यांवरच चालते. साधनांचा अगदीच अभाव आहे असं म्हणायला जागा नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल गावाने देवराई म्हणून राखली, म्हणून ती आज अभ्यासाला उपलब्ध आहे.

हे पुस्तक वाचून विद्यापीठातला एखादा विद्यार्थी, शाळेतली एखादी शिक्षिका किंवा डोंगर चढणाऱ्यांचा एखादा गट आपल्या गावाजवळच्या देवराईत दोरी आणि टेप घेऊन जाईल, रीतसर परवानगी काढून एक दशांश हेक्टर मोजेल आणि ती यादी जवळच्या हर्बेरियमकडे सोपवेल, तर लेखनाचं सार्थक झालं असं मी समजेन. यादीत चुका असतील. पुढे येणारे त्या दुरुस्त करतील. मात्र यादीच नसेल तर त्यांच्या हाती दुरुस्त करायलाही काही असणार नाही.